पार्ट टाइम सिस्टर नेमताना: सांगली-मिरजेतल्या नव्या मेट्रन आणि इनचार्जसाठी

पार्ट टाइम सिस्टर नेमायची वेळ बहुतेक हॉस्पिटलांत एकाच रीतीनं येते. दोघी बाळंतपणाच्या रजेवर, एकीला सरकारी नोकरीची ऑर्डर आलेली, आणि संध्याकाळी सात वाजता मेट्रन नाइटसाठी कोणी मिळतंय का म्हणून फोन लावत बसलेल्या. मग ओळखीतली कोणीतरी येते, त्या रात्रीपुरतं भागतं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

या लेखातली सगळी कामं एका गोष्टीसाठी आहेत: पार्ट टाइम सिस्टरला वारही ठरलेले आणि वॉर्डही ठरलेला असला पाहिजे. आज मेल सर्जिकल, परवा आयसीयू, तेरवा लेबर रूम अशी फिरवलेली सिस्टर कितीही हुशार असली तरी प्रत्येक ड्युटीला नवखीच राहते. तिच्या हातून होणाऱ्या बहुतेक चुका ज्ञान कमी म्हणून होत नाहीत. या वॉर्डात वस्तू कुठे आहे, औषध कसं पातळ करतात आणि मागच्या पाळीत काय राहिलंय, हे तिला माहीत नसतं म्हणून होतात.

आधी तास मोजा

डोकी मोजू नका, तास मोजा. २० खाटांचा जनरल वॉर्ड घेऊ. पाळ्या आपल्याकडच्या नेहमीच्या: ८ ते २, २ ते ८ आणि रात्री ८ ते सकाळी ८. सकाळी राउंड, ड्रेसिंग, डिस्चार्ज असतात म्हणून तीन सिस्टर, संध्याकाळी दोन, रात्री दोन. दिवसाचे तास १८ + १२ + २४ म्हणजे ५४, आठवड्याचे ३७८.

आता कायमच्या सिस्टर प्रत्यक्षात किती तास भरतात ते बघा. नेमणूकपत्रातला आकडा इथे उपयोगाचा नाही. मागच्या तीन महिन्यांचं हजेरीपत्रक काढा, रजा, आजारपण, सण वजा होऊन उरलेले तास आठवड्यांनी भागा. समजा आकडा ४० आला आणि कायमच्या सात जणी आहेत, तर २८० तास भरले. तूट ९८ तासांची. आठवड्याला २४ तास देणाऱ्या चौघी मिळाल्या तर ९६ तास निघतात, म्हणजे जवळपास भागलं. २४ तास म्हणजे चार सकाळी, किंवा दोन नाइट, किंवा दोन संध्याकाळी आणि एक नाइट. पाचवी एक जण यादीत ऑन कॉल ठेवा, कारण चौघींपैकी एक कुठल्याही महिन्यात आजारी पडणारच.

तूट कुठल्या पाळीत आहे तेही वेगळं मांडा. बऱ्याच ठिकाणी खरी अडचण रात्रीची असते आणि नेमणूक होते सकाळची, कारण सकाळी यायला तयार असणाऱ्या सहज मिळतात. मग सकाळी चार सिस्टर आणि रात्री एक, असा वॉर्ड तयार होतो.

कोण मिळतं आणि कोणाला काय द्यायचं

या भागात पार्ट टाइमला येणाऱ्या साधारण चार प्रकारच्या. लहान मूल असलेल्या, ज्यांना सकाळचे सहा तासच जमतात. पोस्ट बेसिक किंवा पुढचं शिकणाऱ्या, ज्यांना शनिवार-रविवार किंवा नाइट चालते. सिव्हिल किंवा जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्या, ज्यांचा हात बसलेला असतो पण कॉम्प्युटरवरच्या नोंदी आणि नवी सिरिंज पंपं नकोशी वाटतात. आणि दुसऱ्या हॉस्पिटलात पूर्ण वेळ नोकरी करून वर दोन ड्युट्या मागणाऱ्या.

चौथ्या प्रकारात सांभाळून. सरकारी सेवेत असलेल्या परिचारिकेला परवानगीशिवाय खासगी नोकरी करता येत नाही, तेव्हा तो विषय तिथेच संपवा. खासगीत काम करणारी असेल तर तिकडचे वार आणि तास लेखी घ्या. मिरजेत रात्रभर जागून सकाळी आठला सांगलीत उभी राहिलेली सिस्टर अकरापर्यंत निभावते. नंतर औषधाची चिठ्ठी दोनदा वाचते आणि तिसऱ्यांदा चुकते. दोन ड्युट्यांमध्ये, मग त्या एका ठिकाणच्या असोत की दोन, किमान ११ तासांची मोकळीक असल्याशिवाय रोस्टरवर (ड्युट्यांच्या तक्त्यावर) नाव टाकू नका.

कागद

गोड बोलून कागद नंतर आणायला सांगितले की ते येत नाहीत. पहिल्या ड्युटीच्या आधी हे हातात हवं:

महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी आणि तिच्या नूतनीकरणाची मुदत. झेरॉक्सवर समाधान मानू नका, मूळ प्रमाणपत्र बघा आणि परिषदेकडे नाव पडताळा. सांगली-मिरजेत एक खास गुंता असतो. बेळगाव, बागलकोट, बंगळूरच्या कॉलेजांतून शिकून आलेल्या मुली भरपूर, आणि त्यांची नोंदणी कर्नाटक परिषदेची असते. इथे काम करायला ती महाराष्ट्र परिषदेकडे वर्ग करून घ्यावी लागते. अर्ज केलाय एवढ्यावर एकटीला चार्ज देऊ नका.

शिक्षणाचा दाखला नीट वाचा. एएनएम (सहायक परिचारिकेचा कोर्स), जीएनएम (परिचारिकेचा डिप्लोमा) आणि बीएस्सी (नर्सिंगची पदवी) यांना आपण सगळ्यांना सिस्टरच म्हणतो, पण कामाची वाटणी एक नाही. एएनएमला आयसीयूत स्वतंत्र खाटा देणं तिच्यावर आणि पेशंटवर दोघांवर अन्याय आहे. लेबर रूमसाठी मिडवाइफरीची नोंदणी हवीच.

हिपॅटायटिस बी च्या लशीचे तीन डोस (०, १ आणि ६ महिने) आणि धनुर्वाताची लस. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे कचरा हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांचं लसीकरण आणि प्रशिक्षण ही हॉस्पिटलची जबाबदारी आहे. पार्ट टाइम म्हणून ती कमी होत नाही.

नेमणूकपत्र एका पानाचं पुरे, पण त्यात आठवड्याचे तास, वार, वॉर्ड, दर, नोटिसीचा काळ आणि ड्युटी रद्द झाली तर काय, हे सगळं असू द्या. रात्रपाळी असेल तर लेखी संमती वेगळी घ्या. १२ तासांच्या नाइटमधले जादा तास आणि विश्रांती कागदावर कशी दाखवायची हे कामगार कायद्याच्या सल्लागाराकडून एकदाच पक्कं करून घ्या.

पहिल्या चार ड्युट्या

पगारी चार ड्युट्या, जोडीला वॉर्डातली कायमची सिस्टर, आणि खाटांच्या मोजणीत नव्या सिस्टरला धरायचं नाही. मालक म्हणतील दोन पुरेत. अनुभवी असेल तर दोन चालतील, पण त्यातली एक नाइट हवी. रात्री दीड वाजता ऑक्सिजनचा सिलिंडर कोण बदलतं, ब्लड बँकेत कोण जातं, लिफ्टची किल्ली कोणाकडे, हे दिवसा कळत नाही.

या चार ड्युट्यांत तिला शिकवायचं ते नर्सिंग नव्हे, तुमचं हॉस्पिटल. क्रॅश कार्टचा (तातडीच्या औषध-साहित्याच्या गाडीचा) प्रत्येक कप्पा तिनं स्वतः उघडून बघायचा. डीफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) चालू करून दाखवायचा. कोणत्या डॉक्टरांना रात्री थेट फोन करायचा आणि कोणाला आरएमओंमार्फत (हॉस्पिटलात हजर असलेल्या निवासी डॉक्टरांमार्फत), हे नावानिशी.

औषधांतल्या तीन गोष्टींवर मात्र वेळ घालवा, कारण त्या हॉस्पिटलागणिक बदलतात.

पहिली इन्सुलिन. आपल्याकडे कुप्या ४० युनिटच्याही मिळतात आणि १०० युनिटच्याही. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. जिथे फक्त ४० वापरतात तिथून आलेली सिस्टर हाताच्या सवयीनं लाल टोपण उचलते. १०० युनिटच्या कुपीतून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत औषध ओढलं तर पेशंटला जातात २५ युनिट. साखर उतरते ती रात्री, पेशंट झोपलाय असं सगळ्यांना वाटत असताना. उपाय सोपा आहे: वॉर्डात एकच ताकद ठेवा, दुसऱ्या सिरिंजचा डबा स्टोअरला परत पाठवा.

दुसरी पोटॅशियम क्लोराइड. १० एमएलच्या अँप्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असतं आणि दिसायला ते डिस्टिल्ड वॉटरसारखंच. ते थेट शिरेतून ढकललं तर हृदय थांबतं. वॉर्डाच्या ट्रेमध्ये ते ठेवूच नका. आयसीयूच्या कुलपात, लाल पट्टी लावून, आणि काढताना दोघींच्या सह्या.

तिसरी इन्फ्युजन, म्हणजे पंपानं सावकाश शिरेतून जाणारी औषधं. एका हॉस्पिटलात नॉरअॅड्रिनलिनची एक अँप्युल ५० एमएलमध्ये घालतात, शेजारच्यात दोन. ‘पाच एमएलनं चालू आहे’ या वाक्याचा अर्थ दोन्हीकडे वेगळा. तुमच्याकडे कोणतं औषध किती एमएलमध्ये पातळ करतात त्याचा तक्ता लॅमिनेट करून पंपाच्या स्टँडलाच लटकवा. हेपॅरिनच्या ५ एमएलच्या कुपीतही ५,००० आणि २५,००० युनिट असे दोन प्रकार येतात. तेही त्याच तक्त्यावर लिहा.

सुई टोचली तर काय, हे पहिल्याच दिवशी. जखम साबण-पाण्यानं धुवायची, दाबून रक्त काढायचं नाही, इनचार्जला लगेच सांगायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जमलं तर दोन तासांच्या आत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि कोर्स २८ दिवसांचा. पार्ट टाइमवाली बऱ्याचदा बोलतच नाही. ‘दोन दिवसांची माणसं आम्ही, उगाच कशाला’ असं तिला वाटतं. तेव्हा तपासणीचा आणि औषधाचा खर्च हॉस्पिटल करेल, हे आधीच लेखी द्या.

रोस्टर

महिन्याच्या २० तारखेपर्यंत सगळ्यांकडून पुढच्या महिन्याच्या अडचणी मागवा, २५ ला रोस्टर भिंतीवर लावा. व्हॉट्सअॅपवर फोटो टाका हवं तर, पण खरं तेच जे भिंतीवर आहे आणि ज्यावर मेट्रनची सही आहे. आपापसात केलेली अदलाबदल इनचार्जच्या सहीशिवाय धरायची नाही, नाहीतर रविवारी सकाळी दोघीही घरी असतात आणि दोघीही म्हणतात, ‘मला वाटलं ती येणार होती.’

काही नियम मोडायचे नाहीत. कोणत्याही वॉर्डात, कोणत्याही पाळीत किमान एक सिस्टर कायमची असलीच पाहिजे, आणि धोक्याच्या औषधांची किल्ली तिच्याकडे. दोन पार्ट टाइमवाल्यांवर नाइट सोडणं हा सगळ्यात मोठा मोह, विशेषतः दिवाळीत. खाटांची वाटणी इनचार्जनं फळ्यावर लिहायची. ती सिस्टरांवर सोपवली की सगळ्यात किचकट चार पेशंट आपोआप पाहुणीच्या वाट्याला जातात.

सणांचं गणित इथलं वेगळं आहे. दिवाळी आणि गणपती सगळ्यांनाच हवे असतात. मिरजेला मिशन हॉस्पिटलपासूनची नर्सिंगची परंपरा आहे, तेव्हा नाताळात सुट्टी मागणाऱ्या सिस्टर बऱ्याच असतात. आणि त्याच सिस्टर दिवाळीत ड्युटी करायला तयार होतात, जर तुम्ही ऑगस्टमध्येच विचारलंत तर. ऑक्टोबरमध्ये विचारून उपयोग नसतो.

तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ, जयसिंगपूरहून येणारी सिस्टर संध्याकाळची पाळी घेते म्हणाली तर आठला सुटून तिला गाडी मिळते का, ते विचारा. ओव्हर (पुढच्या पाळीला पेशंटची माहिती सोपवणं) द्यायला सव्वाआठ होतात हे ती धरत नाही. गाडी गाठायची असली की शेवटची दहा मिनिटं ती वॉर्डात असून नसल्यासारखी असते. तिला सकाळ द्या किंवा सरळ नाइट.

आणि एक गोष्ट, जी कोणी रोस्टरात लिहीत नाही: प्रत्येक पाळीत एकीला तरी कानडी समजायला हवं. जत, अथणी, चिकोडीकडचे पेशंट इथे रोजचे. दुखतंय कुठे आणि जेवण कधी झालं, एवढं विचारता आलं तरी पुष्कळ काम होतं.

ओव्हर

पार्ट टाइमची सगळी जोखीम या पंधरा मिनिटांत आहे. कायमच्या सिस्टरला काल काय झालं ते माहीत असतं, तिला अर्धवट ओव्हर दिलं तरी ती भरून काढते. चार दिवसांनी आलेलीला भरून काढायला काही नसतं. म्हणून तिची ड्युटी ८ ची असली तरी हजेरी पाऊणे आठची, आणि त्या पंधरा मिनिटांचे पैसे दरात धरलेले. फुकट मागाल तर ती आठ दहाला येईल.

ओव्हर काउंटरवर बसून घ्यायचं नाही. खाटेपाशी, फाइल उघडून, सगळ्यात आजारी पेशंटपासून सुरुवात. नाव आणि आयपीडी नंबर वाचायचा, मग असं:

‘बेड चार. हर्निया, ऑपरेशनचा दुसरा दिवस. डाव्या हाताची कॅन्युला परवाची आहे, उद्या बदला. आरएल चालू आहे, साडेतीनला संपेल, मागे डीएनएस लावायचं. दोनचं मेट्रो मी दिलंय, सही केलीय. सकाळपासून लघवी सहाशे. पेनिसिलिनची अॅलर्जी, फाइलीवर लाल स्टिकर बघा. सोडियमचा रिपोर्ट चारला येईल, आला की सरांना फोन.’

अर्ध्या मिनिटाचं काम. (आरएल आणि डीएनएस ही सलाइनं, मेट्रो म्हणजे मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक.) घेणारीनं शेवटचं वाक्य परत म्हणायचं: ‘सोडियम चारला, सरांना फोन.’

यात ‘दोनचं मी दिलंय’ हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. आठ-आठ तासांची अँटिबायोटिक्स आपण ६, २ आणि १० ला देतो, आणि २ वाजता पाळी बदलते. सकाळची म्हणते संध्याकाळच्या देतील, संध्याकाळची म्हणते दिलं असेल. डोस एक तर चुकतो किंवा दोनदा जातो. बारा-बारा तासांची औषधं ८ ला लावली असतील तर हाच घोळ सकाळी आठला आणि रात्री आठला. दोनच्या डोसची जबाबदारी सकाळच्या पाळीची, हे फळ्यावर लिहून टाका. आणि बारा-बारा तासांची औषधं डॉक्टरांशी बोलून सकाळी आणि रात्री आठऐवजी दहावर न्या. एवढ्या एका बदलानं चुकलेल्या डोसांचा बराचसा त्रास जातो.

सही देणारीची, त्याच क्षणी. ‘दिलंय, फाइलीत टाकायचं राहिलंय’ असं ऐकलं की तिला सही करूनच जाऊ द्या. दुसरीनं तिच्या वतीनं सही करायची नाही, मेट्रननं सांगितलं तरी नाही.

पैसे

दर तासाचा ठरवा, महिन्याचा नको. ‘महिन्याला अमुक आणि साधारण बारा ड्युट्या’ या बोलीवर तिसऱ्याच महिन्यात भांडण होतं. दर ठरवताना राज्याच्या किमान वेतनाखाली जात नाही ना ते बघा. रुग्णालयांसाठी वेगळी अनुसूची आहे आणि विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, बँकेत.

पार्ट टाइम म्हणून पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) लागत नाही, हा गैरसमज फार पसरलेला आहे. २० कर्मचारी झाले की पीएफ आणि १० झाले की ईएसआय येतं, आणि डोकी मोजताना पार्ट टाइमवाल्याही मोजतात. ईएसआयची पगाराची मर्यादा २१,००० रुपये; कर्मचाऱ्याचा वाटा ०.७५ टक्के, हॉस्पिटलचा ३.२५. व्यवसाय कर २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना नाही. सिस्टरला कागदावर ‘कन्सल्टंट’ करून यातून सुटायचा मार्ग काही सल्लागार सुचवतात. पण तिचं नाव तुमच्या रोस्टरवर, सही तुमच्या हजेरीपत्रकावर आणि तिच्यावर हुकूम तुमच्या मेट्रनचा असेल, तर तपासणीत तो कागद टिकवणं अवघड जातं.

वॉर्ड रिकामा म्हणून ड्युटी रद्द करायची वेळ येते. १२ तास आधी कळवलं तर काही नाही, त्यानंतर कळवलं तर निम्मे पैसे, आणि गणवेश घालून दारात आल्यावर परत पाठवलं तर पूर्ण, असा नियम ठेवा. हा खर्च वाटतो, पण याच नियमामुळे तीही तुम्हाला ऐनवेळी दगा देत नाही.

कायमच्या सिस्टरांची कुरकुर खरी असते

‘तिला सकाळ, आम्हाला नाइट’ ही तक्रार मत्सर म्हणून झटकू नका. पार्ट टाइमवाल्यांनी सगळ्या सकाळी घेतल्या की कायमच्यांच्या नाइट महिन्याला सात-आठपर्यंत जातात आणि सहा महिन्यांत कायमचीच राजीनामा देते. पार्ट टाइम नेमल्यामुळे प्रत्येक कायमच्या सिस्टरच्या महिन्याकाठी किमान दोन नाइट कमी झाल्या पाहिजेत. नसतील झाल्या तर नेमणूक चुकीच्या पाळीत झालीय.

तीन महिन्यांनी प्रत्येकीचं बघायला तीनच आकडे पुरतात: किती वेळा उशीर, किती सह्या राहिल्या, आणि तिनं लावलेल्या कॅन्युलांपैकी किती सुजल्या. चूक स्वतःहून सांगणारीचा पैसा कापू नका, नाहीतर पुढची चूक तुम्हाला नातेवाइकांकडून कळेल.

पावसाळ्याची यादी

सांगलीत हे काम जूनमध्येच करावं लागतं. कृष्णेची इशारा पातळी आयर्विन पुलाजवळ ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी त्याच्या बरंच वर गेलं होतं. रस्ते बंद झाले की कोयनेचा विसर्ग किती, यापेक्षा कोणती सिस्टर नदीच्या कोणत्या काठावर राहते हे जास्त कामाचं ठरतं. सांगलवाडी, हरिपूर, अंकलीपलीकडचं जयसिंगपूर अशी गावानुसार यादी करा.

पाणी ३५ फुटांवर गेलं की अलीकडच्या काठावरच्या पार्ट टाइमवाल्यांना विचारायचं: ४८ तास मुक्कामाला कोण येऊ शकेल. होकार देणाऱ्यांना थांबण्याचेही पैसे, दोघींमागे एक खोली, जेवण कँटीनचं, आणि १२ तास काम तर १२ तास झोप, यात फाटा नाही. लहान मूल असलेलीला या यादीत धरू नका, ती हो म्हणाली तरी. यादीतले फोन नंबर दर जूनच्या पहिल्या आठवड्यात एकेकीला लावून तपासायचे, कारण जानेवारीत लिहिलेल्या पार्ट टाइमवाल्यांपैकी निम्म्या तोवर बदललेल्या असतात.